अर्जुनसालीचा अर्क रक्तदाबावर चालतो का? तपासणीची पद्धत

भूल दिलेल्या रॅटच्या शिरेत दाट वनस्पती-अर्क सोडला की रक्तदाब बहुधा पडतोच. पालकाचा सोडा, मेथीचा सोडा, आलेख खाली जाईल. अर्कात पोटॅशियम असते, कोलीन असते, सालीवरच्या जंतूंचे विष असते, नाहीतर द्रवच आम्लधर्मी असतो. म्हणून ‘दाब उतरला’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तो वनस्पतीतल्या कशामुळे उतरला, तोंडाने दिल्यावरही उतरतो का, आणि उतरताना यकृत-मूत्रपिंडाचे काय होते, हे दाखवण्यात खरी मेहनत आहे.

खालची पद्धत अर्जुनाची साल समोर ठेवून लिहिली आहे. इंदुरात ही साल सहज मिळते आणि रामबागेपासून सुदामानगरापर्यंत ती दुधात उकळून घेणारे आजोबा घरोघरी सापडतात, तेव्हा प्रश्न पुस्तकी नाही. वनस्पती दुसरी असली तरी क्रम हाच. हे काम एम.फार्म. किंवा आयुर्वेद एम.डी. करणाऱ्यांनी नोंदणीकृत प्रयोगशाळेत, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करायचे आहे. घरी स्वतःवर किंवा काकांवर करून पाहायचे नाही.

साल खात्रीची हवी

सियागंजातून ‘अर्जुन छाल’ म्हणून आणलेल्या पोत्यात ऐनाची (अर्जुनाच्याच कुळातल्या झाडाची) साल मिसळलेली असू शकते. तुकडे झाल्यावर ओळख अवघड जाते, पण झाड समोर असले तर फरक स्पष्ट दिसतो. अर्जुनाचे खोड गुळगुळीत, राखाडी-गुलाबी असते आणि त्याचे मोठे पापुद्रे सुटतात. ऐनाचे खोड काळपट, मगरीच्या पाठीसारखे चौकोनी भेगाळलेले असते. दोघांच्या फळांना पाच-पाच पंख असतात. पंख उजेडात धरा: अर्जुनाच्या पंखावरच्या रेषा वरच्या बाजूला वळतात, ऐनाच्या आडव्या, सरळ कडेपर्यंत जातात. त्यामुळे साल शक्यतो फळे लागलेल्या झाडाचीच घ्या. त्याच झाडाची पाने, फुले, फळे यांचे हर्बेरियम पत्रक (वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना) बनवा, होळकर विज्ञान महाविद्यालयासारख्या ठिकाणच्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्या आणि पत्रकाचा क्रमांक प्रबंधात लिहा. दुकानदाराची पावती म्हणजे ओळख नव्हे.

साल खोडाच्या एकाच बाजूने, पट्टीसारखी काढा. गोल वर्तुळात सोलली तर झाड मरते. झाड ज्याच्या जागेत आहे त्याची लेखी परवानगी घ्या. पुढे उत्पादन विकायचा विचार असेल, तर जैविक विविधता कायदा २००२ काय सांगतो हे भोपाळच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे सुरुवातीलाच विचारून ठेवा. काम संपल्यावर विचारले तर सगळे अडकते.

सालीचे बोटाएवढे तुकडे करून सावलीत वाळवा. ट्रे ड्रायर वापरलात तर तापमान ४५ अंशांच्या वर नेऊ नका. इंदुरात एप्रिल-मेमध्ये चार-पाच दिवसांत साल कडक होते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र वरून वाळल्यासारखी दिसते आणि आत बुरशी धरते, तेव्हा पावसाळ्यात ड्रायरशिवाय पर्याय नाही. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत तापवून ओलावा मोजा. तो दहा टक्क्यांच्या खाली आला की भरड दळा आणि ४० नंबरच्या चाळणीतून काढा. फार बारीक पूड करू नका, गाळताना फिल्टर तुंबतो. राखेचे प्रमाण काढल्यावर आकडा वीस टक्क्यांच्या आसपास आला तरी घाबरू नका. अर्जुनसालीत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक भरपूर असतात, म्हणून एकूण राख जास्तच येते. माती मिसळली आहे का ते आम्लात न विरघळणारी राख सांगते. ती टक्क्याच्या वर गेली तर तो माल परत करा.

याच टप्प्यावर जड धातू आणि जंतू तपासून घ्या. मर्यादा अशा: शिसे १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. एकूण जिवाणू ग्रॅमला एक लाखाच्या आत, बुरशी-यीस्ट हजाराच्या आत, आणि ई. कोलाय व साल्मोनेला अजिबात नकोत. रहदारीच्या रस्त्याकडेची झाडे टाळा.

अर्क

लोक दूध-पाण्यात उकळतात आणि प्रबंधात ७० टक्के अल्कोहोलचा अर्क असतो. मग निष्कर्षात ‘परंपरेला दुजोरा मिळाला’ असे लिहिता येत नाही. आमचे मत असे की पाण्याचा अर्क करावाच, अल्कोहोलचा हवा तर जोडीला करावा.

१०० ग्रॅम भरडीला १ लिटर डिस्टिल्ड पाणी घ्या. नळाचे नको, त्यातले क्षार अर्काबरोबर आटतात आणि वजन फुगवतात. ९० अंशांवर दोन तास ठेवा, मलमलमधून गाळा, चोथ्याला पुन्हा ५०० मिली पाणी घालून तासभर ठेवा. दोन्ही गाळलेले द्रव एकत्र करा, सेंट्रिफ्यूज करा आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर ५० अंशांच्या आत आटवा. सुरुवातीला फेस येतो, म्हणून फ्लास्क निम्म्याच्या वर भरू नका. शेवटचे पाणी फ्रीझ ड्रायरने काढा. साधारण १५ ते २५ ग्रॅम लालसर तपकिरी पूड मिळते. हा अर्क ओलावा ओढतो. बाटली उघडी राहिली की अर्ध्या तासात गोळा होतो आणि त्यानंतरचे प्रत्येक वजन खोटे ठरते. छोट्या कुप्यांत भरून सिलिका जेलसह उणे २० अंशांवर ठेवा, रोज एकच कुपी काढा आणि ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

सगळ्या प्रयोगांना पुरेल एवढा अर्क एकाच वेळी बनवा. त्याचा एचपीटीएलसी ठसा (प्लेटवर अर्कातली द्रव्ये वेगळी करून मिळणारे ठिपके) अर्जुनोलिक आम्ल आणि अर्जुनेटिन या अर्जुनसालीतल्या द्रव्यांच्या शेजारी घेऊन ठेवा. तयार अर्क बाजारातून घेतला असेल तर प्लेटवर रेसरपिन (सर्पगंधेतले दाब उतरवणारे द्रव्य) आणि अॅम्लोडिपिन (दाबाची गोळी) यांचेही ठिपके लावा. ‘बीपीवर रामबाण’ चूर्णात सर्पगंधा किंवा सरळ अॅलोपॅथीची गोळी कुटून घातली असली की निकाल सुरेख येतो, पण तो अर्जुनाचा नसतो. (इंदूरच्या कृषी महाविद्यालयातून सर्पगंधेचा ‘आर.एस.-१’ हा वाण निघाला, तेव्हा या मुळ्या माळव्याला अनोळखी नाहीत.)

नळीतली तपासणी आणि टॅनिनचा घोळ

एसीई हे विकर रक्तवाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन-२ तयार करते. अर्क त्याला अडवतो का, ही सर्वांत स्वस्त चाचणी आणि सर्वांत जास्त फसवणारीही. १९७१ ची कुशमन-चंग पद्धत अजून चालते: सशाच्या फुप्फुसातले एसीई, विकर ज्याचे तुकडे करते ते हिप्पुरिल-हिस्टिडिल-ल्युसीन हे द्रव्य, ८.३ पीएचचे बोरेट बफर, त्यात ३०० मिलिमोलर मीठ, ३७ अंशांवर ३० मिनिटे. मग १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने क्रिया थांबवायची, सुटलेले हिप्पुरिक आम्ल इथाइल अॅसिटेटमध्ये ओढून घ्यायचे, ते वाळवून पाण्यात विरघळवायचे आणि २२८ नॅनोमीटरवर वाचायचे. तुलनेला कॅप्टोप्रिल, म्हणजे एसीई अडवणारे नेहमीचे औषध.

मीठ विसरलात तर विकर नीट चालतच नाही, कारण एसीईला क्लोराइड लागते. दुसरे, अर्कातली फिनॉल द्रव्येही इथाइल अॅसिटेटमध्ये येतात आणि २२८ वर प्रकाश शोषतात. म्हणून प्रत्येक तीव्रतेसाठी विकर न घातलेली वेगळी ब्लँक नळी हवी. एकच ब्लँक सगळ्यांना लावली तर अर्क वाढेल तसा अडथळा कमी होताना दिसतो आणि कुणालाच कारण कळत नाही.

आता टॅनिन, म्हणजे सालीला तुरट चव देणारे द्रव्य. अर्जुनसालीत ते वजनाच्या वीस टक्क्यांच्या आसपास असते आणि टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटून त्याचा साका करते. एसीई हेही प्रथिनच, म्हणून ८०-९० टक्के अडथळा दिसतो. हीच क्रिया ट्रिप्सिन या पचनाच्या विकरावर करून पाहिली तर तेही तितकेच बंद पडलेले आढळेल. दोन उलटतपासण्या करा. नळीत मिलीलिटरला १ मिलिग्रॅम बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घाला, टॅनिन आधी त्याला चिकटेल. किंवा अर्क टॅनिन धरून ठेवणाऱ्या पॉलिव्हिनिल-पॉलिपायरोलिडोनबरोबर हलवून, गाळून टॅनिन काढून टाका. यानंतरही अडथळा टिकला तरच तो आकडा प्रबंधात लिहा. नाहीसा झाला तर तसे लिहा. टॅनिनचे मोठे रेणू आतड्यातून फारसे शोषले जात नाहीत, त्यामुळे तो अडथळा रुग्णाच्या शरीरात होणारच नाही.

महाधमनीच्या कड्या

इथून पुढे प्राणी लागतात. संस्था सीसीएसईएकडे (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीकडे) नोंदलेली हवी, परवानगीचा फॉर्म बी भरून संस्थेच्या प्राणी नैतिक समितीची मंजुरी आधी हवी आणि मंजुरीचा क्रमांक प्रत्येक निकालासोबत लिहायला हवा. मंजुरी ज्या संख्येची, तेवढेच प्राणी. वर एकही नाही.

रॅटच्या छातीतल्या महाधमनीच्या ३-४ मिमी रुंद कड्या कापा. चरबी सोलताना वाहिनी ताणू नका. आतला पेशींचा थर बोट लागले तरी जातो. १० मिलीच्या ऑर्गन बाथमध्ये (ऊती जिवंत ठेवून ताण मोजण्याच्या भांड्यात) ३७ अंशांचे क्रेब्स हे क्षारांचे द्रावण, ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, २ ग्रॅम ताण, आणि दर १५ मिनिटांनी धूत ६० ते ९० मिनिटे विश्रांती. मग ८० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडने कडी आवळते का पाहा, धुवा, १ मायक्रोमोलर फिनिलएफ्रिनने आवळा आणि त्यावर १० मायक्रोमोलर अॅसिटिलकोलीन सोडा; ते आतल्या थरामार्फतच कडी सैल करते. ७० टक्क्यांहून जास्त सैल झाली तर आतला थर शाबूत आहे. थर काढलेली कडी हवी असेल तर सैलपणा १० टक्क्यांच्या आत हवा. मधल्या कड्या फेकून द्या.

अर्क ०.०१ पासून १ मिग्रॅ/मिलीपर्यंत चढत्या पायऱ्यांनी द्या. त्याच्या वर जाऊ नये, याचा हिशेब असा: अर्कात ५ टक्के पोटॅशियम असेल आणि बाथमध्ये १० मिग्रॅ/मिली झाले, तर एकट्या अर्काने १२.८ मिलिमोलर पोटॅशियम वाढते. एवढ्या वाढीने वाहिनी सैल होऊ शकते आणि आणखी वाढले तर आवळते. दोन्ही वेळा श्रेय ‘औषधी गुणा’ला जाते. फ्लेम फोटोमीटरवर अर्कातले पोटॅशियम मोजा आणि तेवढेच पोटॅशियम क्लोराइड वेगळ्या कडीला देऊन पाहा. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवला असेल तर बाथमध्ये तो ०.१ टक्क्याच्या वर नको, आणि नुसत्या डीएमएसओची कडी सोबत हवी.

सैलपणा नायट्रिक ऑक्साइडमधून (आतला थर सोडतो त्या, वाहिनी सैल करणाऱ्या वायूतून) येतो का, हे पाहायला आधी २० मिनिटे १०० मायक्रोमोलर एल-नेम द्या; ते हा वायू बनू देत नाही. परिणाम गेला तर वाट तीच.

सगळे झाल्यावर कडी तीनदा धुवा आणि पुन्हा फिनिलएफ्रिन द्या. ती पूर्वीसारखी आवळली नाही तर अर्काने ती सैल केली नाही, मारली. ही शेवटची पायरी बहुतेक प्रबंधांत नसते, आणि परीक्षकाने पहिला प्रश्न इथेच विचारावा.

मात्रा आणि तीव्र विषाक्तता

मात्रा हवेतून काढू नका. माणूस दिवसाला ५ ग्रॅम साल घेतो आणि सालीतून अर्काचा उतारा २० टक्के आहे असे धरा, म्हणजे १ ग्रॅम अर्क. ६० किलोच्या माणसाला किलोमागे १६.७ मिग्रॅ. रॅटसाठी ६.२ ने गुणा, साधारण १०० मिग्रॅ/किलो. मग ५०, १०० आणि ३०० या मात्रा समर्थनीय ठरतात. किलोमागे १००० मिग्रॅमला परिणाम मिळाला तर त्या माणसाला रोज सुमारे १० ग्रॅम अर्क, म्हणजे ५० ग्रॅम साल खावी लागेल. असा निकाल रुग्णाच्या कामाचा नाही.

तीव्र विषाक्ततेसाठी ओईसीडी ४२३ (ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ठरलेली चाचणी-पद्धत). रात्रभर उपाशी ठेवलेल्या तीन माद्यांना ३०० मिग्रॅ/किलो, मृत्यू नसेल तर आणखी तीन, मग २०००. पहिली ३० मिनिटे नजर हलवू नका, पहिले चार तास वारंवार पाहा, पुढे १४ दिवस रोज. वजन सुरुवातीला, सातव्या आणि चौदाव्या दिवशी. २००० ची मात्रा १० मिली/किलोत बसवली तर २०० मिग्रॅ/मिलीचा चिखल होतो आणि तो फीडिंग सुईत अडकतो. पाण्यातल्या अर्काला २० मिली/किलोपर्यंत मुभा आहे, ती घ्या. दिल्यावर दोन-चार मिनिटांत प्राणी धाप लागून मेला तर आधी छाती उघडा. फुप्फुसात तपकिरी द्रव सापडला तर चूक सुई धरणाऱ्याची आहे, अर्काची नाही.

जिवंत प्राण्यात दाब मोजणे

प्राण्यात उच्च रक्तदाब आणण्याचे मॉडेल म्हणून एल-नेम ४० मिग्रॅ/किलो रोज, चार आठवडे, तोंडाने. पिण्याच्या पाण्यातून देऊ नका. अर्कामुळे प्राण्याने पाणी कमी प्यायले तर एल-नेमही कमी जाते आणि दाब आपोआप कमी दिसतो. दुसरी अडचण अशी की एल-नेम नायट्रिक ऑक्साइडच बंद करते. तुमचा अर्क त्याच वाटेने चालत असेल तर इथे हरल्यासारखा दिसेल. अशा वेळी १९६३ साली क्योटोतून आलेली जन्मतः उच्च रक्तदाबाची रॅटची जात किंवा डोका-मीठ मॉडेल (डोका हे संप्रेरक आणि मीठ देऊन दाब चढवणे) बरे. अर्क पहिल्या दिवसापासून देणे म्हणजे प्रतिबंध. दाब चढल्यावर देणे म्हणजे उपचार. प्रबंधाच्या नावात ‘उपचार’ असेल तर दोन आठवडे थांबून, दाब चढल्याची खात्री करून मगच अर्क सुरू करा.

गट सात: सामान्य, सामान्य अधिक अर्क, उच्चदाब, उच्चदाब अधिक कॅप्टोप्रिल, आणि उच्चदाब अधिक अर्काच्या तीन मात्रा. दाबाच्या वाचनातला फरक २० मिमी (पारा) आणि प्रमाण विचलन १२ धरले तर गटाला ६ पुरतात. गट अनेक आहेत आणि एखादा प्राणी दगावतोच, म्हणून ८ मागा. गट चिठ्ठ्या टाकून पाडा. कुठल्या पिंजऱ्यात काय चालले आहे हे दाब मोजणाऱ्याला कळू देऊ नका.

टेल-कफने (शेपटीला गुंडाळायच्या पट्ट्याने) मोजताना सगळा खेळ शेपटीच्या उबेचा. शेपटी थंड असली की नाडीच सापडत नाही. इंदूरच्या जानेवारीत सकाळी आठला मोजायला बसाल तर निम्मे प्राणी ‘वाचन नाही’ दाखवतील. मोजणीची जागा ३२ ते ३४ अंशांवर ठेवा. प्रयोगाच्या आधी आठवडाभर रोज मोजणीच्या नळीत बसण्याची सवय प्राण्यांना लावा, वेळ तीच ठेवा, माणूस तोच ठेवा. पहिली दोन-तीन वाचने सोडून द्या, पुढच्या पाच-सहांची सरासरी घ्या. सामान्य विस्टार जातीचा रॅट ११०-१३० दाखवतो. १५० दाखवला तर तो बहुधा घाबरला आहे, आजारी नाही.

शेवटच्या दिवशी युरेथेनच्या भुलीत कॅरोटिड धमनीतून थेट दाब घ्या. झायलाझिन नको, ते स्वतःच दाब बदलते. ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीवर ठेवा, पाऱ्याच्या मापकाशी जुळवून घ्या, आणि नळीत बुडबुडा नाही हे उजेडात धरून बघा. एक बुडबुडा सिस्टॉलिकचे शिखर चपटे करतो. याच वेळी शिरेतून अर्क द्यायचा मोह झाला तर तेवढ्याच पीएचचे सलाइन आधी द्या, आणि अॅट्रोपिन १ मिग्रॅ/किलो दिल्यावरही दाब पडतो का पाहा. अॅट्रोपिन अॅसिटिलकोलीनचा परिणाम अडवते, म्हणून त्याने पडणे थांबले तर कोलीनवर्गी द्रव्याचा संशय धरा.

वजन आणि खाणे दर आठवड्याला लिहा. टॅनिनमुळे खाणे कमी झाले, प्राणी रोडावला, दाब उतरला: असा निकाल वरून यशस्वी दिसतो. सांख्यिकीत एकक प्राणी आहे. एका रॅटच्या चार कड्या म्हणजे चार प्राणी नव्हेत.

२८ दिवसांची सुरक्षा

ओईसीडी ४०७: प्रत्येक गटात ५ नर, ५ माद्या, तीन मात्रा आणि एक नियंत्रण गट. यकृतासाठी एएलटी, एएसटी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, युरिया, शिवाय सोडियम, पोटॅशियम, पूर्ण रक्तगणना, अवयवांची वजने, ऊतींच्या स्लाइडी. रक्त घाईने ओढले की पेशी फुटतात, पोटॅशियम आणि एएसटी खोटे वाढतात. सीरम गुलाबी दिसले तर तो नमुना बाद.

अर्जुनासाठी टी-३ आणि टी-४ ही थायरॉइडची संप्रेरके यादीत घालाच. इंदूरच्याच देवी अहिल्या विश्वविद्यालयातून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या कामात या सालीच्या अर्काने प्राण्यांमधले थायरॉइड संप्रेरक कमी झाल्याचे दिसले. हृदय मंदावण्यामागे हीही वाट असू शकते. थायरॉइड आधीच कमी असलेल्या माणसाला मग हा अर्क देताना विचार करावा लागेल.

माणसांवर

इथे नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम २०१९, किंवा आयुर्वेदिक औषध म्हणून असेल तर आयुषचे उत्तम चाचणी प्रथेचे निर्देश लागू होतात. नैतिक समितीची मंजुरी आणि सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) मधली नोंदणी पहिला माणूस घेण्याआधी हवी. चालू असलेली रक्तदाबाची गोळी बंद करून अर्क देऊ नका. १८०/११० किंवा त्याहून वर असलेल्याला चाचणीत न घेता सरळ डॉक्टरांकडे पाठवा. एसीई अडवणारी गोळी घेणाऱ्याचे पोटॅशियम आधी आणि नंतर मोजा.

दोन गटांत ५ मिमीचा फरक शोधायचा, विचलन १० धरायचे, तर गटाला ६३ माणसे लागतात. वीस टक्के गळती धरली तर ७९. वीस-वीस माणसांवर ‘लक्षणीय’ निकाल आला तर तो योगायोग असू शकतो. आधी दोन आठवडे सगळ्यांना प्लासिबो (अर्क नसलेली, दिसायला तशीच कॅप्सूल) द्या. पहिल्या दिवशी धास्तीने चढलेला दाब पुढच्या भेटींत आपोआप उतरतो, तो अर्काच्या खात्यावर जाता कामा नये. प्लासिबोही तुरटच हवा, कॅप्सूल चघळून पाहणारे काका दर गटात निघतात.

मोजताना पाच मिनिटे शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नाही. तीन वाचने, मध्ये एक मिनिट, पहिले सोडून. पहिल्या भेटीत दोन्ही हात. संमतीपत्र हिंदीबरोबर मराठीतही करा. इथली मराठी घरे हिंदी वाचतात, पण शंका मराठीतच विचारतात. खाण्याची नोंद घेताना ‘मीठ कमी खाता का?’ असे विचारू नका, सगळे हो म्हणतात. सकाळच्या पोह्यांवर शेव किती, आणि संध्याकाळी पुन्हा शेव किती, हे विचारा. शक्य असेल तर २४ तासांच्या लघवीतले सोडियम मोजा, कारण शेव अर्धी झाली तरी दाब उतरतो.

गंभीर प्रतिकूल घटना घडली, चक्कर येऊन पडून भरती झालेले आजोबासुद्धा, तर प्रमुख संशोधकाने २४ तासांच्या आत केंद्रीय परवाना प्राधिकरण, प्रायोजक आणि नैतिक समिती तिघांनाही कळवायचे. संबंध अर्काशी आहे की नाही हे ठरवायला थांबायचे नाही. आकलन पुढच्या अहवालात येते.